डोक्यावरची काच

पूर्वी वाड्यांच्या दिवाणखान्यात छताला काचेच्या हंड्या टांगलेल्या असत. आज पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांत जेवणाच्या टेबलावर काचेचा टांगता दिवा दिसतो. मेणबत्तीच्या जागी एलईडी आली, पण डोक्यावर काच आहेच. म्हणून प्रश्नही जुनाच आहे : कोणी धक्का न लावता ही काच एके दिवशी तडकेल का?

याचे उत्तर काच थंड कशी केली, यात आहे. फुंकणीवर घडवलेली काच सुमारे १००० अंश सेल्सिअस तापमानाची असते. ती तशीच हवेत ठेवली तर पातळ भाग आधी घट्ट होतो, जाड मान मागाहून. मागे राहिलेला भाग आकसू पाहतो. आधी घट्ट झालेला भाग त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. यालाच ताण म्हणतात. काच अशी वरून धडधाकट दिसते; पण ताणलेल्या जागी बारीकसा ओरखडा उठला, की चीर धावत सुटते.

उपाय म्हणजे तापानुशीतन. साध्या सोडा-चुना काचेची वस्तू सुमारे ५५० अंशांवर काही काळ ठेवतात. तिचा आकार बिघडत नाही, पण आतले कण थोडे सरकून ताण सैल होतो. मग ती सावकाश निववतात. तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये लोकांच्या पैसा फंडातून, ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या पुढाकाराने काच कारखाना निघाला. तिथे काचकामाचे शिक्षणही मिळे. चांगल्या काचसामानासाठी भट्टीइतकेच हे निववणे महत्त्वाचे.

तळेगावपासून जवळच्या चाकणमध्ये मोटारींच्या काचा बनतात. मोटारीच्या बाजूच्या काचेत मात्र ताण मुद्दाम भरतात! सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्यावर दोन्ही बाजूंनी गार हवेचा सारखा झोत सोडतात. पृष्ठभाग दाबात, गाभा ताणात राहतो. दाबलेल्या पृष्ठभागावर चीर सहज पसरत नाही; फुटलीच तर काचेचे बोथट तुकडे होतात. पातळ, गोलाकार हंडीला असा झोत सर्वत्र सारखा देणे अवघड. तिथे निववणेच बरे.

वर्गात हा ताण पाहता येतो. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरे पान उघडा. पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा. आता मध्ये कंपासपेटीतला पारदर्शक प्लास्टिकचा कोनमापक धरा. रंगीत पट्टे दिसतील : तोच साच्यात कोंडलेला ताण. मग काचेचा साधा पेला धरून पाहा. तो नीट निववलेला असेल, तर काळोखात फारसा फरक पडणार नाही.

दिव्याची हंडी घरी आणल्यावर, टांगण्यापूर्वी, हीच परीक्षा घेता येईल. आणि वजन विजेच्या तारेवर नव्हे, हुकावर येऊ द्यावे. काच कितीही चांगली निववलेली असली, तरी तार तुटल्यावर ती खालीच येणार!