पावती नसलेल्या रुग्णाचा न्याय

पनवेलच्या आसपासच्या एखाद्या वाडीवरची बाई बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जाते, तेव्हा तिच्या हाती केसपेपर असतो. पैसे भरल्याची पावती नसते. डॉक्टराच्या चुकीने तिचे बरेवाईट झाले, तर न्यायाचे कोणते दार ठोठावायचे, हे बरेचसे त्या पावतीवर ठरते. आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घेतले पाहिजे.

रोगी दगावला म्हणून डॉक्टर दोषी, असे कायदा मानत नाही. त्या शाखेतल्या सर्वसाधारण जाणत्या डॉक्टराने घेतली असती तेवढी काळजी घेतली काय, एवढेच तो पाहतो. फौजदारी शिक्षेसाठी मात्र हलगर्जीपणा घोर असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले. नुकसानभरपाईला इतकी कडक कसोटी नाही.

पण भरपाई मिळते कधी? जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईची प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, तरी त्याच महिन्यात ती गेली. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर १९९६ मध्ये, अच्युतराव खोडवा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरून ती रक्कम कायम केली. मृत्यू आणि न्याय यांत तेहतीस वर्षे गेली!

हा विलंब टाळणारा मार्ग म्हणजे ग्राहक कायदा. डॉक्टरांची सेवा त्याखाली येते, असा निकाल १९९५ मध्ये लागला. पण त्याच निकालाने म्हटले की, जेथे सर्वांनाच उपचार फुकट, तेथे रुग्ण ग्राहक ठरत नाही. त्याने भरलेला कर हा सेवेचा मोबदला नव्हे. आता महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार निःशुल्क झाले. निर्णय स्वागतार्ह आहे; परंतु ज्या हाताने फी माफ झाली, त्याच हाताने ग्राहक आयोगाचे दारही लोटले गेले. पनवेलच्या खाजगी नर्सिंग होममध्ये पैसे मोजणारा रुग्ण दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. उपजिल्हा रुग्णालयातल्या मजुराला मात्र दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. तो मजूर बहुधा कोण असतो, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून हाती आहे ते वापरले पाहिजे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. तेव्हा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना फुकट वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. दवाखान्याच्या काचा फोडून यांतले काहीच मिळत नाही, उलट आपलीच पोरे कोठडीत जातात.

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. सरकारी रुग्णालयातल्या हलगर्जीपणाची स्वतंत्र चौकशी आणि ठरावीक मुदतीत भरपाई, ही आपली मागणी असली पाहिजे. फुकट उपचार हे उपकार नाहीत. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत विचारले होते की, मताचे मूल्य समान असताना माणसाचे मूल्य असमान किती काळ ठेवणार? रुग्णालयाच्या खाटेवर तो प्रश्न अजून पडून आहे.