महाड-पोलादपूर परिसरातील जुनी जपानी मनगटी घड्याळे : ओळख, कालनिश्चिती व जतन

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, दप्तरे आणि नाणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. सामान्य माणसाच्या घरातील नित्य वापराची वस्तू हेही साधन असू शकते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत अनेक घरांच्या कपाटात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत बंद पडलेले एखादे मनगटी घड्याळ आढळते. त्याच्या तबकडीवर बहुधा सेइको, सिटिझन, रिको किंवा ओरिएंट असे जपानी नाव असते. ही घड्याळे कशी ओळखावीत, त्यांचा काळ कसा ठरवावा आणि ती जतन करताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अशा घड्याळावर त्याचा काळ कोरलेला असतो. तो वाचण्यापूर्वी दुरुस्ती केल्यास एक पुरावा कायमचा नष्ट होतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

जपानी घड्याळे या परिसरात कशी आली ?

किंतारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये टोकियोत घड्याळांचे दुकान सुरू केले. त्यांच्या सेइकोशा या कारखान्याची स्थापना १८९२ मध्ये झाली. १९१३ मधील 'लॉरेल' हे जपानमध्ये तयार झालेले पहिले मनगटी घड्याळ होय, तर तबकडीवर 'सेइको' हे नाव १९२४ पासून येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर या उद्योगाने स्विस घड्याळांशी स्पर्धा करील असा दर्जा कमी किमतीत दिला.

भारतात जपानी घड्याळविद्या प्रथम रुजली ती एच.एम.टी.च्या रूपाने. सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू झाली. 'जनता'सारख्या एच.एम.टी. घड्याळांवर आढळणारा 'पॅराशॉक' हा शब्द मूळचा सिटिझनचाच. घड्याळ पडले वा आपटले तरी आतील नाजूक आस मोडू नये यासाठीच्या योजनेचे ते नाव आहे. म्हणजेच वडिलांना लग्नात मिळालेले 'स्वदेशी' घड्याळही यंत्ररचनेच्या दृष्टीने जपानी कुळातले आहे. पुढे हैदराबादच्या ऑलविन कंपनीने सेइकोच्या सहकार्याने घड्याळे काढली. एच.एम.टी.चा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला.

प्रत्यक्ष जपानमध्ये तयार झालेली घड्याळे मात्र वेगळ्या वाटेने आली. त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी घड्याळ उघड बाजारात सहज मिळत नसे. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि कोकणातील अनेक तरुण तिकडे गेले. पोलादपूरच्या डोंगराळ गावांतील चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत होते, तर सावित्रीच्या खाडीकाठच्या गावांतील अनेकजण जहाजांवर वा आखातात. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात कापड, अत्तर, रेडिओ आणि 'सेइको फाइव्ह' घड्याळ असे. चोरट्या व्यापारातूनही अशी घड्याळे मुंबईत आणि तेथून गावात पोहोचत.

ओळखीच्या पाच खुणा :

जुन्या सेइको घड्याळाची तपासणी पुढील क्रमाने करावी. मागील झाकण व तबकडी यांवरील अक्षरे अत्यंत बारीक असल्याने भिंग जवळ ठेवावे.

१) मागील झाकणावरील सांकेतिक क्रमांक : येथे चार-चार अंकांचे दोन गट असतात. पहिला गट आतील यंत्राचा, ज्याला कारागीर 'मशीन' म्हणतात, प्रकार सांगतो. दुसरा बाह्य पेटीचा. पहिला गट ६११९ असल्यास मशीन १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९७०च्या दशकापर्यंतच्या पिढीचे असते. ७००९ असल्यास ते १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचे, तर ७एस२६ असल्यास १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचे समजावे.

२) अनुक्रमांक : याच झाकणावर बहुधा सहा अंकी अनुक्रमांक असतो, १९६०च्या दशकातील अनेक घड्याळांवर तो सात अंकी आहे. पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना दाखवतो. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, शून्य म्हणजे ऑक्टोबर. नोव्हेंबरसाठी 'एन' व डिसेंबरसाठी 'डी' ही रोमन अक्षरे येतात. सिटिझनच्या १९७०च्या दशकातील घड्याळांत पहिला अंक वर्षाचा आणि पुढील दोन अंक महिन्याचे असतात. येथे दशक सांगितलेले नसते, ही गोष्ट विसरता कामा नये. अनुक्रमांकातील ८ हा १९६८, १९७८ वा १९८८ यांपैकी कोणत्याही वर्षाचा असू शकतो. दशक ठरते ते मशीनच्या प्रकारावरून.

३) तबकडीवरील सूक्ष्म अक्षरे : सहाच्या आकड्याखाली काठाशी 'जपान' हा शब्द व एक सांकेतिक क्रमांक असतो. त्यातील मशीनचा गट झाकणावरील गटाशी जुळला पाहिजे. पुढचे अंक वेगळे असू शकतात. ती शंकेची बाब नव्हे.

४) पाण्यासंबंधीचा शब्द : झाकणावर वा तबकडीवर 'वॉटरप्रूफ' असल्यास घड्याळ साधारणतः १९७० च्या आसपासचे वा त्यापूर्वीचे समजले जाते. त्यानंतर 'वॉटर रेझिस्टंट' हा सौम्य शब्द रूढ झाला.

५) वाराचे चक्र : सेइको फाइव्हमध्ये वार व तारीख एकाच खिडकीत दिसतात. चावी फिरवून वार बदलत गेल्यास तो दोन भाषांत आलटून पालटून येतो. इंग्रजीबरोबर अरबी वार येत असल्यास ते घड्याळ आखाती बाजारपेठेसाठी तयार झाले, असे अनुमान करता येते. स्थलांतराच्या अभ्यासकाला या खुणेचे मोल विशेष वाटावे.

झाकण उघडल्यावर मशीनवर कोरलेला क्रमांकही पडताळून पाहावा. ते काम मात्र कारागिराकडूनच करून घ्यावे.

बनावट व मिश्र घड्याळे :

या खुणा परस्परांशी जुळत नसतील तर घड्याळ मिश्र आहे, म्हणजे एकाची पेटी, दुसऱ्याचे मशीन आणि तिसऱ्याची तबकडी असे जोडलेले आहे, असे समजावे. मुंबईत जुन्या तबकड्या नव्याने रंगवून अशी घड्याळे तयार करण्याचा मोठा व्यवसाय आहे आणि जगभरातील संग्राहक त्या घड्याळांना मुंबईच्या नावानेच ओळखतात. झगझगीत केशरी, हिरवा वा निळा रंग, जाड व किंचित वाकडी अक्षरे, तळाच्या सूक्ष्म क्रमांकाचा अभाव आणि धातूच्या उठावदार नावाऐवजी छापलेले नाव ही रंगवलेल्या तबकडीची लक्षणे होत. असे घड्याळ वेळ चांगली दाखवील, परंतु पुरावा म्हणून त्याला किंमत नाही.

एक अनुभव :

हा विवेक केवळ बाजारभावापुरता नाही, हे मला माझ्या घरातच समजले. माझे चुलते सुतारकामासाठी दुबईला होते. त्यांचे सेइको फाइव्ह त्यांनी १९७५ मध्ये पहिल्या पगारातून घेतले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी यांचे पाणी महाड शहरात शिरले तेव्हा ते घड्याळ तळमजल्यावरील ट्रंकेत होते. पाणी ओसरल्यावर ते गाळासकट हाती आले. एका कारागिराने अल्प खर्चात 'नवी तबकडी बसवून नव्यासारखे' करून देण्याची तयारी दाखवली आणि घरातील सर्वांना ते पटलेही होते. देण्यापूर्वी मी मागील झाकण पुसून पाहिले. क्रमांकाचा पहिला गट ७००९ होता आणि अनुक्रमांकाची सुरुवात ८५ अशी. म्हणजे निर्मिती मे १९७८ ची किंवा मे १९८८ ची. १९७५ चे ते असणे शक्यच नव्हते.

चुलते १९८१ मध्ये कायमचे परतले होते, त्यामुळे १९८८ हे वर्ष बाद झाले. राहिले १९७८. मी हे काकूंना सांगितले, तेव्हा बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "पहिलं घड्याळ विकलं रे. जाताना काढलेलं कर्ज होतं. हे मागाहून घेतलं, पण कुणाला सांगितलं नाही." आखातात जाण्यासाठी काढलेले कर्ज आणि ते फेडताना गमावलेली पहिली कमाई ही गोष्ट आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षे कोणी उच्चारली नव्हती. तबकडी बदलली नाही. डागाळलेली, वार अरबीत अडकलेली ती तशीच आहे.

या प्रसंगातून पद्धतीविषयीचा एक मुद्दा निघतो. वस्तूवरील क्रमांकाने मौखिक परंपरेतील चूक दाखवली, तर क्रमांकातील दशकाची संदिग्धता मौखिक माहितीने दूर केली. एकट्या साधनावर विसंबलो असतो तर दोन्ही वेळा चुकलो असतो. शिवाय क्रमांक निर्मितीचा महिना सांगतो, खरेदीचा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

जतनाविषयी काही सूचना :

पाण्यात भिजलेल्या घड्याळाला चावी देऊ नये व ते हलवू नये; आत गेलेली रेती दातेरी चक्रे झिजवते. 'वॉटर रेझिस्टंट' या शब्दावर विसंबू नये, कारण झाकणाखालील रबरी कडे काही वर्षांतच कडक होऊन निकामी होते. घड्याळ शक्य तितक्या लवकर उघडून स्वच्छ करून घ्यावे. पेटीला चकाकी आणण्यासाठी घासू नये. झाकणावरील उथळ अक्षरे त्यातच पुसली जातात. दुरुस्तीत काढलेले मूळ भाग कारागिराकडून मागून घ्यावेत. या सर्वांपूर्वी तबकडी, झाकण व पट्टा यांची छायाचित्रे घेऊन घड्याळ कोणाचे, कोठून व केव्हा आले याची नोंद करावी.

समारोप :

बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांनी आणि नंतर भ्रमणध्वनीने या घड्याळांना मनगटावरून उतरवले. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले आणि तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी येथे दरडींखाली घरेच गाडली गेली. घरगुती वस्तूंतून वाचता येणारा इतिहास किती क्षणभंगुर आहे, हे या परिसराला वेगळे सांगावयास नको. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील एका घड्याळाची नोंद करण्याचा प्रकल्प द्यावा, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी एक भिंग, एक वही आणि घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसण्याइतका वेळ पुरेसा आहे. यांपैकी भिंग व वही केव्हाही मिळेल. सांगणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.