बसमधला काउंटरपॉइंट

कोवलम म्हटलं की मराठी माणसाला केरळ आठवतं. पण चेन्नईचंही एक कोवलम आहे. तिरुवान्मियूरचं कलाक्षेत्र मागे टाकून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला निघायचं, मुट्टुकाडूची खाडी ओलांडायची, की हे मच्छीमारांचं गाव लागतं. इंग्रजांनी त्याचं ‘कोव्हलाँग’ केलं होतं. आता सर्फिंग शिकणाऱ्यांनी ते पुन्हा नकाशावर आणलं आहे. शनिवार-रविवारी चेन्नईकर या रस्त्याला लागतात. गाडीत आजोबा असोत की नातू, गाणी बऱ्याचदा एकाच माणसाची लागतात: इळयराजांची. तमिळ माणूस त्यांना नुसतं ‘राजा सर’ म्हणतो. करुणानिधींनी दिलेली ‘इसैज्ञानी’ ही पदवी पोस्टरवर असते, बोलण्यात ‘राजा सर’च.

हजाराहून अधिक चित्रपटांना संगीत देणाऱ्या माणसाला अभिजात संगीतकार म्हणायचं का, यावर तमिळनाडूत चार दशकं वाद चालू आहे. या वादात युरोपचा बाख आहे, कर्नाटक संगीताचे त्यागराज आहेत आणि चेन्नईची सिटी बसही आहे.

बसपासूनच सुरुवात करू. 1978 साली ‘चिट्टुक्कुरुवी’ नावाचा चित्रपट आला. त्यात नायक-नायिका बसमधून निघाले आहेत. दोघं गातात आणि त्याच वेळी त्यांची मनंही गातात. म्हणजे गायक दोनच, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि पी. सुशीला, पण आवाज ऐकू येतात चार. मनातली चाल वेगळी, ओठांवरची वेगळी, आणि दोन्ही एकमेकींत बेमालूम बसतात. मध्येच कंडक्टर खणखणीत आवाजात चेन्नईच्या थांब्याचं नाव पुकारतो. पाश्चात्त्य संगीतात याला काउंटरपॉइंट म्हणतात: दोन स्वतंत्र चाली एकाच वेळी चालवायच्या आणि दोन्ही जिवंत ठेवायच्या. आपल्या संगीतात एकच स्वररेषा राज्य करते, साथ तिच्या मागून चालते. त्यामुळे ही कल्पना आपल्या कानाला तशी परकी. बसच्या प्रसंगात ती कुणाला परकी वाटली नाही. लोकांनी गाणं उचललं, पुढच्या थांब्यावर उतरले आणि कामाला गेले.

हे कान घडले कुठे? इळयराजांचा जन्म 1943 सालचा, आजच्या तेनी जिल्ह्यातल्या पन्नैपुरमचा. थोरले भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारासाठी गाणी रचत आणि भावंडांना घेऊन गावोगाव गात फिरत. चौदाव्या वर्षी हा धाकटा त्या फडात शिरला आणि हार्मोनियम वाजवू लागला. शेतात राबणाऱ्या बायांची गाणी, अंगाई, मर्तिकाला आणि जत्रेला वाजणारं परै हे चामडी वाद्य ही त्यांची पहिली शाळा. 1968 साली मद्रासला आल्यावर धनराज मास्तरांकडे पियानो आणि पाश्चात्त्य स्वरलेखन सुरू झालं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची गिटारची परीक्षा त्यांनी मद्रासमध्ये राहूनच दिली आणि सुवर्णपदक मिळवलं. कर्नाटक संगीत शिकले टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे. पोट भरण्यासाठी सलील चौधरींच्या वाद्यवृंदात गिटार वाजवली, जी. के. वेंकटेश यांचे साहाय्यक म्हणून राबले.

1976 साली ‘अन्नकिळी’ मिळाला. पहिल्याच ध्वनिमुद्रणाला वीज गेली. अपशकुन म्हणून काहींनी मान हलवली. चित्रपट लागला आणि एस. जानकींच्या आवाजातल्या खेड्यातल्या चालींनी मद्रासला वेड लावलं.

इळयराजांच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्यांचे वादक आजही अचंब्याने बोलतात. हार्मोनियमवर चाल बसवून झाली की पुढचं सगळं कागदावर. प्रत्येक व्हायोलिनची, चेलोची, बासरीची ओळ स्वतःच्या हाताने, वाद्याला हात न लावता लिहायची. लेखनिक प्रत्येक वादकाचा भाग उतरवून काढत आणि त्याच दिवशी गाणं मुद्रित होई. मणिरत्नमच्या ‘दळपती’तल्या (1991) एका गाण्याचं काम मुंबईत आर. डी. बर्मन यांच्या वादकांबरोबर झालं. समोरचे कागद पाहून ते कसलेले वादक टाळ्या वाजवत उभे राहिले, असं सांगतात.

मराठी रसिकाने त्यांना नकळत ऐकलेलंच आहे. ‘सदमा’मधलं सुरेश वाडकरांचं सर्वांत गाजलेलं गाणं त्यांचंच आणि आर. बाल्कींचे ‘चीनी कम’ आणि ‘पा’ही त्यांचेच. अजय-अतुल त्यांचं ऋण उघड मान्य करतात. ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंदाबरोबर मुद्रित करायची हौस कुठून आली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

चित्रपटाबाहेरचे इळयराजा भेटतात ते 1986 च्या ‘हाउ टू नेम इट?’ या कॅसेटमध्ये. ती त्यांनी त्यागराज आणि बाख या दोघांना अर्पण केली आहे. मुख्य व्हायोलिन व्ही. एस. नरसिंहन यांचं. ‘आय मेट बाख इन माय हाउस’ या तुकड्यात बाखच्या ई मेजर पार्टिटाचा प्रील्यूड वाजतो आणि इळयराजा त्याच्याभोवती आपल्या ओळी रचत जातात. बाखचे स्वर सरळ, लख्ख, एकामागून एक धावणारे. भोवतीचे स्वर गमक घेत डुलणारे. एक जण सभागृहातल्या खुर्चीत ताठ बसला आहे, दुसरा ओसरीवर मांडी घालून. आणि गप्पा रंगतात. पुढच्या तुकड्याचं नावच ‘अँड वी हॅड अ टॉक’ आहे! दोन वर्षांनी आलेल्या ‘नथिंग बट विंड’मध्ये पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे आणि एक तुकडा मोझार्टवरच्या प्रेमाची थेट कबुली देणारा.

कर्मठांना हे रुचलं नाही. त्याआधीच, 1985 सालच्या ‘सिंधू भैरवी’त त्यांनी त्यागराजांची कांभोजी रागातली ‘मरि मरि निन्ने’ ही कृती उचलून सारमतीत बसवली होती आणि लोकगीताशी तिची गाठ घातली होती. मद्रासच्या संगीतसभांमध्ये कृतीचा राग बदलणं म्हणजे देवळातली मूर्ती हलवणं. त्याच संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून कुरकुर थांबली असं मात्र नाही.

खरं तर या मिश्रणाला तंजावरची जुनी साक्ष आहे. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या मराठी दरबारात युरोपीय बँड वाजे. त्याच काळात मुत्तुस्वामी दीक्षितरांनी इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द चढवून ‘नोट्टुस्वर’ रचले आणि त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं. आज त्या व्हायोलिनविना कर्नाटक मैफल उभी राहत नाही. सोवळं नेमकं कधी मोडलं, हे ठरवायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

8 मार्च 2025 ला लंडनच्या इव्हेंटिम अपोलोमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने इळयराजांची ‘व्हॅलियंट’ ही चार भागांची सिंफनी सादर केली. संचालन मिकेल टॉम्स यांचं. 1993 साली याच ऑर्केस्ट्राबरोबर मुद्रित केलेली त्यांची आधीची सिंफनी रसिकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. त्यामुळे 81 व्या वर्षी आलेल्या या संध्याकाळचं महत्त्व मोठं होतं. ‘सिंफनी लिहिणारा पहिला भारतीय’ ही जाहिरात मात्र घाईची. पंडित रविशंकरांची सिंफनी लंडन फिलहार्मोनिकने 2010 मध्येच वाजवली होती.

त्या रात्री सभागृहात तमिळ प्रेक्षक मोठ्या संख्येने होते. पहिला भाग संपला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंफनीचे सगळे भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हा युरोपातला शिरस्ता. वादक चकित होऊन इळयराजांकडे पाहू लागले. चेन्नईला परतल्यावर त्यांनीच हा किस्सा पत्रकारांना मजेत सांगितला: आनंद झाला की आपली माणसं तो लगेच दाखवतात. शिरस्ता तरी कुठे फार जुना? मोझार्टने 1778 साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या सिंफनीच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्याचं खुशीत कळवलं आहे.

शिवाय या प्रेक्षकांना अडाणी म्हणणं अन्यायाचं ठरेल. व्हायोलिनच्या थरांची आणि एकमेकांना छेदणाऱ्या चालींची त्यांना 1976 पासून सवय आहे. ती गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या अर्ध्या मिनिटात लागली, एवढंच. इळयराजांची सर्वांत धाडसी रचना याच अर्ध्या-अर्ध्या मिनिटांत सापडते, सिंफनीच्या लांबरुंद आराखड्यात नव्हे, असं त्यांचे जुने चाहते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. निर्मात्याच्या घड्याळाने त्यांना फापटपसाऱ्याची मुभाच दिली नाही.

प्रेमाला दुसरी बाजूही आहे. गाण्यांच्या हक्कावरून 2017 साली त्यांनी जुने मित्र बालसुब्रह्मण्यम यांनाच नोटीस पाठवली, तेव्हा हेच श्रोते दुखावले होते. गाणी संगीतकाराची की ती गुणगुणणाऱ्यांची, यावर घराघरांत भांडणं झाली. पुढे दोघांचं जुळलं, हक्काचे खटले मात्र चालूच राहिले.

मराठी श्रोत्याला हे सगळं नव्याने ऐकायचं असेल, तर तमिळ येण्याची अट नाही. ‘हाउ टू नेम इट?’मधला ‘स्टडी फॉर व्हायोलिन’ आधी लावावा, त्यात शब्दच नाहीत. मग ‘चिट्टुक्कुरुवी’चं बसमधलं गाणं. पहिल्यांदा नुसती बाईंची चाल धरायची, दुसऱ्यांदा बुवांची, तिसऱ्यांदा दोन्ही एकदम धरता येतात का ते पाहायचं. कंडक्टरचा आवाज आला की बहुतेकांची एक तरी ओळ सुटते.