विश्लेषण : सुकाणूवर कुणी नसताना शिडाची होडी दिशा कशी धरते?

एकट्याने समुद्र पार करणाऱ्या खलाशालाही झोप, जेवण आणि दुरुस्तीसाठी वेळ लागतोच. तेवढा वेळ सुकाणू कोण सांभाळणार? लहान होडीत वीज खाणारे यंत्र नसेल, तर शिडाचाच दोर हे काम करू शकतो.

रचना कशी असते?
शीड ताणून धरणाऱ्या दोराला ‘शीट’ म्हणतात. त्याला एक जोडदोर बांधून, ज्या बाजूने वारा येतो तिकडच्या कप्पीतून तो सुकाणूच्या दांड्याला आणतात. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला रबरी नळी ताणून बांधतात. रक्त घेताना दंडाला आवळतात, तशीच ही नळी.

ती काम कशी करते?
वाऱ्याचा झोत आला, की होडी वाऱ्याकडे वळू पाहते. त्याच वेळी शिडावरचा दाब वाढतो. शीट दांडा वाऱ्याच्या बाजूला ओढते आणि होडीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते. जोर ओसरला, की रबर दांडा परत खेचते. दोन्ही ओढी तुल्यबळ झाल्या, की होडी मार्गावर राहते. त्यासाठी आधी शिडांचा समतोल साधावा लागतो.

मर्यादा कोणत्या?
वारा बाजूने असताना ही युक्ती चांगली चालते. तो थेट मागून आला, तर वेगळे छोटे शीड लावावे लागते. शिवाय होडी वाऱ्याशी कोन राखते, होकायंत्राशी नाही. वारा फिरला, की तीही फिरते. किनारा जवळ असेल, तर हे महागात पडते.

अनुभव काय सांगतो?
जोशुआ स्लोकमने 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’ या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुकाणू बांधून ठेवले, तरी ही होडी दिशा धरत असे. हिंदी महासागरातील 23 दिवसांच्या, सुमारे 2,700 मैलांच्या टप्प्यात तो जेमतेम तीन तास सुकाणूवर होता. भारताच्या अभिलाष टॉमी यांनी 2022-23च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत दुसरे स्थान मिळवले. तिथे विजेवरच्या स्वयंचलित सुकाणूला मनाई असते. वाऱ्यावर चालणारे पाते वापरले जाते.

सर्वांत मोठा धोका कोणता?
खलाशी पाण्यात पडला, तरी होडी थांबत नाही. ती पुढे जातच राहते. म्हणून एकटा खलाशी कमरेचा पट्टा होडीला अडकवूनच वावरतो. समोरचे जहाजही दोराला दिसत नाही. सुकाणू सुटले, तरी पहारा सुटत नाही.