लोहखनिज, फुटबॉल आणि वर्ध्याचे पंचवीस लाख

2006-07 ते 2012-13 असे सलग सात हंगाम भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलंच नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती आणि आपल्या वर्धा जिल्ह्याची तेरा लाख. म्हणजे जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढ्या राज्याने सात वर्षं अख्ख्या देशाला हरवलं!

गोवेकरांना फुटबॉलचं वेड आहेच, पण वेडावर खेळाडूंचे पगार निघत नाहीत. धेंपो आणि साळगावकर ही खाणमालकांची घराणी. डिचोली, सांगे भागातल्या खाणींमधून लाल माती निघायची, ट्रकने नदीच्या धक्क्यावर यायची, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी-झुआरीतून मुरगावला. गोव्याच्या खनिजात लोहाचं प्रमाण कमी, तरी चीनच्या पोलाद कारखान्यांना ते हवंच होतं. तिकडे पूल आणि इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या पैशाचा एक ओघळ मडगावच्या मैदानापर्यंत पोचत होता. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

पण हा पैसा मैदानात तयार झालेला नव्हता, बाहेरून आलेला होता. 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा जेसीटी हा फगवाड्याच्या कापड गिरणीचा संघ. 2011 मध्ये बंद. 2005-06 चा विजेता मुंबईचा महिंद्रा युनायटेड. 2010 मध्ये बंद. कंपनीच्या हिशोबात संघ हा खर्चाच्या रकान्यात असतो, आणि काटकसरीची पहिली कात्री तिथेच लागते. आपल्या पुलगावात गिरणी थांबल्यावर गावात काय काय थांबलं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गोव्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. धेंपोंनी खाण व्यवसाय 2009 मध्येच विकला आणि त्यानंतरही संघाने दोनदा लीग जिंकली. 2012 मध्ये राज्यातल्या खाणी थांबल्या. 2014 मध्ये शहरांच्या आणि प्रदेशांच्या नावाचे संघ घेऊन इंडियन सुपर लीग आली, आणि प्रायोजक व टीव्ही तिच्यामागे गेले. तीच देशातली अव्वल लीग करायचा बेत पुढे आला, तेव्हा 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा राष्ट्रीय लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या आय-लीगमधून, बाहेर पडले. माझ्या मते खरी उणीव एकच होती: खेळातला पैसा खेळातच फिरावा अशी वाट आपल्याकडे रुंद झालीच नाही.

जगात ती वाट आहे, आणि ती वर्ध्यापर्यंत येऊ शकते. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या बदलीसाठी मोजलेल्या रकमेतले 5 टक्के बाजूला निघतात. ते वाटले जातात त्याला 12 ते 23 वर्षं वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा.

आता हिशोब करा. समजा, हिंगणघाटचा एक मुलगा बाराव्या वर्षापासून चार वर्षं तिथल्याच एखाद्या छोट्या क्लबकडून खेळला, आणि पुढे कधीतरी परदेशातल्या क्लबांमध्ये त्याचा शंभर कोटींचा व्यवहार झाला. वर्षाला पंचवीस लाख, म्हणजे चार वर्षांचा मिळून एक कोटी हिंगणघाटला. सोळा, सतरा आणि अठरा या वयातही तो तिथेच राहिला असता तर अडीच कोटी. आणि हे एकदाच नाही. असा प्रत्येक व्यवहार झाला की पुन्हा.

अटी दोनच, पण कडक. तो क्लब देशाच्या फुटबॉल महासंघाशी संलग्न हवा आणि मुलाची त्या-त्या हंगामाची नोंदणी झालेली हवी, कारण त्याच नोंदींवरून फिफाकडे खेळाडूचा ‘पासपोर्ट’ तयार होतो. शाळेच्या मैदानावर नुसताच घाम गाळलेली वर्षं त्यात उमटत नाहीत. तेव्हा मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत बारा वर्षांच्या पोरांची नोंदणी उरकून घ्यावी.