उमरग्याची वेस आणि सेन्सॉरचा शिक्का

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरगा सोडलं की थोड्याच अंतरावर कर्नाटक लागतं. चित्रपटाला ही हद्द जाणवत नाही, नाटकाला मात्र जाणवते. याचं मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. चित्रपटांच्या प्रदर्शनाला मंजुरी देणं हा केंद्राचा विषय आणि नाट्यप्रयोग हा राज्याचा. त्यामुळे १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं प्रमाणपत्र देशभर चालतं, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने संहिता वाचून दिलेली परवानगी महाराष्ट्रापुरती असते.

असा दुहेरी कारभार या भागाने पूर्वीही पाहिला आहे. ब्रिटिशांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा केला. तो सोलापुरात लागू होता. उमरगा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने त्या कायद्याबाहेर राहिलं.

चित्रपटाआधी पडद्यावर झळकणारं प्रमाणपत्र नीट पाहावं. त्यावर वर्ग, लांबी आणि चित्रपट प्रमाणन मंडळाच्या अध्यक्षांची सही असते. खालच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण दिसला, तर चित्रपटाला कात्री लागली आहे असं समजावं. काय कापलं, त्याची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असते. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले.

चित्रपटालाच एवढी कडक चाळणी का? ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या माहितीपटाच्या निमित्ताने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९७० साली न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं. चित्रपट इतर कलांपेक्षा भावनांना अधिक खोलवर हात घालतो, हे त्यामागचं एक कारण.

पण तो युक्तिवाद नाटकाची चाळणी समजावून देत नाही. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’च्या प्रयोगांना हरकत घेतली गेली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. तेच संवाद पुस्तकात छापायला कोणत्याही मंडळाची मंजुरी लागत नव्हती. आजही लागत नाही.

मोबाइलवरच्या वेबमालिकेची तऱ्हा आणखी वेगळी. २०२१च्या नियमांनुसार तिचा वयोगट प्रसारण करणारी कंपनी स्वतःच ठरवते आणि ‘ए’ वर्गासाठी वयाची पडताळणी ठेवते. म्हणजे उमरग्यातल्या एकाच घरात पुस्तक, चित्रपट आणि वेबमालिका असेल, तर एकाच प्रसंगाला तीन वेगळे न्याय लागू होतात. मजकूर काय आहे, यापेक्षा तो कोणत्या वाटेने आला, हे कायदा आधी विचारतो.