परवान्याची बंदूक आणि पोलीस ठाणे

बालरोगतज्ज्ञाने बंदुकीविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे विचित्र वाटेल. संपादकांनी माझ्याकडे लसीकरणावर लेख मागितला होता. परंतु मनात घर करून राहिलेला एक प्रसंग आपल्या सीमाभागाच्या जीवनाशी इतका निगडित आहे की, लसीकरण पुढील वर्षी, अशी त्यांची क्षमा मागून हा विषय घेत आहे.

बीदर व कलबुर्गी हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांच्या घरातील बंदूक ही शोभेची वस्तू नव्हती. १९५६ साली राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली. बंदूक राहिली, आणि तिच्यामागे १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. आज कोणी रानडुकरांपासून ऊस-तूर राखण्यासाठी, तर कोणी अडतीच्या रोकडीसाठी परवाना घेतो. माझ्या वडिलांची बारा बोअरची दुनळी त्यांच्या पश्चात माझ्या नावे झाली. मी तिच्यातून एकही बार काढलेला नाही. तिचा-माझा संबंध आला तो मुख्यत्वे पोलीस ठाण्यामार्फत.

हा संबंध अर्जापासूनच सुरू होतो. अर्जदार कसा आहे, याचा अहवाल जवळच्या ठाण्याने द्यावयाचा असतो. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा झाला. कलम १९ अन्वये शस्त्र बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हेही त्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे हे विसरणे सोपे आहे, कारण सासुरवाडी उदगीरला, बाजार जहिराबादला आणि शेत भालकीला, अशी माणसे येथे पुष्कळ. कर्नाटकापुरता परवाना खिशात ठेवून देवणीच्या लग्नाला कमरेला पिस्तूल लावून जाणारा गृहस्थ, स्वतःस कितीही कायदेशीर समजत असला, तरी नाक्यावर गुन्हेगारच ठरतो. (आपल्याच राज्यात कोडगूतील कोडवांना मात्र परवान्यातून सूट आहे. तो स्वतंत्र इतिहास.)

आणि मग निवडणूक. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर, २००९ पासून निवडणूक आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत : छाननी समितीने ज्यांची शस्त्रे जमा करणे आवश्यक ठरवावे त्यांची घ्यावीत, आणि निकालानंतर परत द्यावीत. प्रत्यक्षात मला दर वेळी नोटीस आली. एकदा तर बंदूक परत मिळण्यास दीड महिना लागला आणि नळीत गंज होता. मी हवालदारास तसे म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे तरी कोण रोज पुसत होतं?’’ मला उत्तर सुचले नाही.

एप्रिल २०१८ मधील गोष्ट. विधानसभेची आचारसंहिता लागली होती. रात्री दहाच्या सुमारास एक शेतकरी नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आला. डाव्या हाताची करंगळी व अनामिका जवळजवळ गेलेली. हा मुलगा लहानपणापासून माझ्याकडे येणारा. रक्तस्राव थांबवला, शिरेतून सलाइन लावले, शल्यविशारद मित्रास बोलावले.

‘‘डॉक्टरसाहेब, कडबाकुट्टीत हात गेला म्हणून लिवा,’’ बाप म्हणाला.

जखमेच्या कडांवर दारूची काजळी स्पष्ट दिसत होती. सकाळी ठाण्यात जमा करावयाची म्हणून त्याने बंदूक कपाटातून काढून पुसून ठेवली होती. आत काडतूस आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हते. मुलाने नळीच्या तोंडावर तळहात ठेवला आणि धाकट्या बहिणीने चाप ओढला. मी म्हटले, ‘‘अहो, क्ष-किरणात छर्रे दिसतील. आज मी खोटे लिहिले तर उद्या तुमच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.’’ तो माझ्या पाया पडला. मी पोलिसांना कळवले. तो हुंदका मला अजून ऐकू येतो.

फौजदार कानडी भाषक, मराठी-हिंदीची मिसळ बोलणारा. त्याने परवाना विचारताच बापाने घाईघाईने सदऱ्याखाली कमरेशी हात घातला. शिपाई दचकून पुढे झाला. क्षणभर कोणीच हालले नाही. ‘‘हात बाहेर,’’ फौजदार शांतपणे म्हणाला, ‘‘आधी तोंडाने सांगायचं, मग काढायचं.’’ कमरेला फक्त परवान्याचे पुस्तक होते.

‘‘आणि बंदूक?’’

‘‘भाईर, जीपमधी.’’

पोलीस घरी येतील या भीतीने भावाने ती गाडीत टाकली होती. जीप माझ्या व्हरांड्याला लागून उभी, आणि व्हरांड्यात तापाची सात-आठ मुले आयांच्या मांडीवर. फौजदाराने सर्वांना आत घेण्यास सांगून स्वतः बंदूक उघडली. दुसऱ्या नळीत काडतूस होते.

मुलाचा जबाब त्याने मी होकार देईपर्यंत घेतला नाही. तोवर बाकावर बसून राहिला. बापावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला गेला, पुढे परवानाही गेला. तीन वर्षे तो माझ्याकडे आला नाही. मुलांना ताप आला की दुसरीकडे नेत असे.

गेल्या जूनमध्ये मुलगा पीयूसीच्या प्रवेशासाठी तंदुरुस्तीचा दाखला घेण्यास आला. बाप बाहेर उभा होता. मी सही करीत असता मुलाने विचारले, ‘‘काका, तुमच्याकडं पण बंदूक हाय ना?’’

२०२४ च्या लोकसभेनंतर ती मी घरी आणलेली नाही. परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात ठेवली आहे. तसे त्याला सांगितले, आणि बापाला आत बोलावून चहा मागवला.